वाळवणाचा वास

दिवाळीनंतर कधी मुंबई उपनगरातल्या वर्सोव्याला, म्हणजे कोळ्यांच्या तोंडच्या वेसाव्याला गेलात, तर गाव दिसण्याआधी गावाचा वास येतो. किनाऱ्याला बांबूंच्या वलांड्या उभ्या असतात आणि त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील टांगलेले असतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, जोडीजोडीने. नवखा माणूस नाकाला रुमाल लावतो. साहेबाने या मासळीला ‘बॉम्बे डक’ म्हटले ते डाकगाडीत तिचा वास भरून राही म्हणून, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट झकास आहे, पण खरी नव्हे. आपल्याकडे आगगाडी आली 1853 साली, आणि हे नाव त्याआधीच्या छापील मजकुरात सापडते.

आज बोलायचे आहे जपानी जेवणाविषयी, आणि सुरुवात वेसाव्यापासून केली ती मुद्दाम. मुंबई आणि कोबे या बंदरांमध्ये 1893 साली टाटांच्या सहकार्याने जपानी जहाजांच्या नियमित फेऱ्या सुरू झाल्या. त्या कापसासाठी. जपानचा व्यापार आपल्याला कळला. जपानी माणूस जेवतो काय, याची चौकशी आपण फारशी केली नाही. ते जेवण सगळीकडे एकच, असे मात्र समजू नका. कोकणातले आणि वऱ्हाडातले ताट जितके वेगळे, तितकाच फरक तिथेही आहे.

टोकियोच्या दक्षिणेला समुद्रात इझू नावाची बेटे आहेत. टोकियोचे नाव एदो होते त्या काळी तिथले सरकार या बेटांकडून मिठाच्या रूपाने कर घेई. मीठ सरकारजमा झाल्यावर मासळी खारवायला उरणार किती? बेटावरच्या लोकांनी मग एकच खारे पाणी पुन्हा पुन्हा वापरले. त्यात मासळीचा अंश उतरत गेला, पाणी आंबले, त्याला भयंकर दर्प आला. पण त्यात बुडवून उन्हात वाळवलेली मासळी टिकू लागली आणि चवीलाही उतरली! तिचे नाव कुसाया. जपानीत ‘कुसाइ’ म्हणजे घाण वास येणारे. काही घरांत ते पाणी पिढ्यान् पिढ्या जपलेले आहे. मिठावरचा कर चुलीपर्यंत कसा पोचतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाची विलेपार्ल्याची छावणी वेसाव्यापासून दोनेक कोसांवरच होती.

दुसरे गाव ओबामा, पश्चिम किनाऱ्यावरचे. तिथली बांगड्याच्या जातीची मासळी मीठ लावून, पाठीवर लादून, डोंगर ओलांडून क्योटोला नेत. वाट सुमारे वीस-बावीस कोसांची. मुक्कामी पोचेपर्यंत मीठ नेमके मुरलेले असे, आणि समुद्र न पाहिलेल्या क्योटोचा खास पदार्थ त्यातून झाला. आपल्याकडची सुकी मासळी नाही का घाट चढून देशावरच्या आठवडी बाजारात येत? भाकरीबरोबर सुक्या बोंबलाची चटणी खाणाऱ्या किती घरांनी समुद्र पाहिला असेल! शिक्षकांनी भूगोलाच्या तासाला मुलांकडून अशा वाटा नकाशावर काढून घ्याव्यात. ओकिनावा बेटांचेही तसेच. तिथे कोंबू नावाची समुद्रवनस्पती आवडीने खातात, पण ती उगवते दूर उत्तरेला, होक्काइदोच्या थंड पाण्यात. व्यापारी गलबतांनी ती दक्षिणेला आणली.

2013 साली युनेस्कोने जपानी भोजनपरंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. 2015 साली जपान सरकारने ओबामाची ती मासळीची वाट राष्ट्रीय वारशात घेतली. आज प्रवासी ती वाट पाहायला आणि ती मासळी चाखायला जातात.

वेसाव्याच्या बोंबलाला तर मीठसुद्धा लागत नाही. ताजा बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. ऊन आणि वारा ते काढून घेतात. त्यासाठी लागते फक्त मोकळी जागा, आणि मुंबईत मोकळी जागा म्हणजे पडीक जागा, अशी समजूत आहे. पावसाळ्यात वाळवण बंद असते. दोऱ्या रिकाम्या असतात, वासही नसतो. त्या दिवसांत जमीन पाहायला आलेल्या माणसाला तिथे काहीच दिसत नाही.