सातासमुद्रापारचे पहिले पाऊल
(एका प्रवेश-अर्जाचा इतिहास)

आपल्या संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचे सिंहावलोकन करताना एक बदल प्रकर्षाने जाणवतो. सिडकोने वसविलेल्या नवीन पनवेल व खांदा कॉलनीच्या परिसरात प्रथम राहावयास आलेल्या पिढीची चिंता मुलांना चांगली शाळा मिळावी एवढीच होती. पनवेलमधील रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय आणि पुढे १९९७ साली खांदा कॉलनीत सुरू झालेले चांगू काना ठाकूर महाविद्यालय यांमुळे पदवीचे शिक्षण दाराशी आले. आज त्याच घरांतील मुले-मुली परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेऊ पाहत आहेत. घराण्यातील कोणीही ज्या वाटेने गेलेले नाही, त्या वाटेची माहिती कोणास विचारावी, हा प्रश्न अशा कुटुंबांपुढे उभा राहतो. आईवडिलांची तळमळ खरी असते, परंतु अर्ज, शिफारसपत्रे, शिष्यवृत्ती, हमी यांची परिभाषा त्यांना अपरिचित असते.

हा प्रश्न नवा नाही. महाराष्ट्रात तो सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी एका तरुण जोडप्यापुढे उभा होता. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या धैर्याचे गुणगानही आपण करतो. परंतु त्यांना प्रवेश नेमका कसा मिळाला, त्यासाठी कोणाकोणाचे हात लागले आणि कोणती बाजू उणी राहिली, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तो करण्याचा अल्पसा प्रयत्न आहे.

टपाल कचेरीतून निघालेली वाट

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना, माहेर कल्याणचे. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, टपाल खात्यात नोकरीस आणि स्त्रीशिक्षणाच्या ध्यासाने झपाटलेले होते. त्यांच्या नोकरीमुळे कल्याण, आपल्या जिल्ह्यातील अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि अखेर बंगाल अशी या दांपत्याची भ्रमंती झाली. वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला. परंतु तो अवघे दहा दिवस जगला. स्त्रीला स्त्रीवैद्याकडून उपचार मिळाले पाहिजेत, ही जाणीव या दुःखातून त्यांच्या मनात रुजली.

कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. पत्नीच्या शिक्षणाची व स्वतःच्या नोकरीची अमेरिकेत काही सोय होईल काय, अशी त्यात पृच्छा होती. वाइल्डर त्यावेळी अमेरिकेतून मिशनचे मासिक चालवीत असत. त्यांनी हे पत्र आपल्या उत्तरासह मासिकात छापले. उत्तराचा आशय असा की, जोडप्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास साहाय्य होऊ शकेल. गोपाळरावांना व आनंदीबाईंना ही अट मान्य नव्हती. येथेच हा विषय संपावयाचा.

परंतु १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंच्या हाती, दंतवैद्याकडे बसल्या असताना, तो जुना अंक पडला. अपरिचित देशातील एका मुलीच्या शिक्षणाची ती हकीकत वाचून त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यातून माया जडली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. प्रकृती बिघडली असता कार्पेंटर मावशींनी अमेरिकेहून औषधेही पाठविली. परदेशी शिक्षणाच्या वाटेवर सर्वांत दुर्मिळ गोष्ट म्हणजे पलीकडच्या तीरावर आपले म्हणावे असे एक माणूस. आनंदीबाईंना ते कोणत्याही अटीवाचून मिळाले, हे त्यांचे भाग्य होय.

पुढे बंगालमध्ये असताना थॉर्बर्न नावाच्या डॉक्टर दांपत्याने त्यांना पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजकडे अर्ज करावा असे सुचविले. फिलाडेल्फिया येथील हे महाविद्यालय केवळ स्त्रियांसाठी १८५० साली स्थापन झाले होते. कोठे जावयाचे, हा प्रश्न अशा रीतीने सुटला.

श्रीरामपूरचे व्याख्यान

एकट्या हिंदू स्त्रीने समुद्र ओलांडून जावे, ही कल्पनाच त्या काळी असह्य होती. टीका, टवाळी व बहिष्काराच्या धमक्या यांना आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात व्याख्यान देऊन उत्तर दिले. लोक जे प्रश्न विचारीत, तेच त्यांनी स्वतः मांडले. अमेरिकेसच का जावयाचे? हिंदुस्थानात सोय नाही काय? एकटीनेच का? परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर? संकट ओढवले तर? आणि जे आजवर कोणत्याही स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे?

या प्रश्नांची उत्तरे त्यांनी आवेशाने नव्हे, तर मुद्देसूदपणे दिली. मद्रासला एक महाविद्यालय आहे, इलाख्यांत सुईणीच्या कामाचे वर्ग आहेत. परंतु तेथील शिक्षण अपुरे व शिकविणारे जुन्या विचारांचे आहेत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, आपला आहार व वेष बदलणार नाही, अशी ग्वाहीही दिली. या व्याख्यानाची वार्ता देशभर पसरली व ठिकठिकाणांहून आर्थिक साहाय्य येऊ लागले. आज परदेशी विद्यापीठाच्या अर्जासोबत विद्यार्थ्याला आपले हेतुनिवेदन लिहून द्यावे लागते. आनंदीबाईंनी ते प्रथम आपल्याच समाजापुढे वाचून दाखविले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. सोबत मिशनरी स्त्रिया होत्या, पती नव्हते. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा कार्पेंटर मावशी त्यांना घेण्यास आल्या होत्या.

प्रवेशाचा अर्ज

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आनंदीबाई अमेरिकेस पोहोचल्या तेव्हा त्यांचा प्रवेश निश्चित झालेला नव्हता. २८ जून १८८३ रोजी रोझेलहून त्यांनी महाविद्यालयाकडे अर्जाचे पत्र लिहिले. त्यांच्याजवळ मॅट्रिकचे प्रमाणपत्र नव्हते, शाळेची सलग वर्षेही नव्हती. काय शिकले आहे, किती भाषा येतात, वय किती, हे त्यांनी साधेपणाने नमूद केले. आपल्या तयारीत उणिवा असतील हे झाकून ठेवले नाही. मात्र आप्तांचा व जातीचा विरोध सोसून इतक्या दूर येण्याचा जो निर्धार आपण दाखविला, त्याचाही विचार व्हावा, अशी विनंती त्यांनी केली. पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींची सेवा हा हेतू त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगितला.

महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली यांनी प्रवेश तर दिलाच, शिवाय तीन वर्षांच्या शिक्षणासाठी सहाशे डॉलरचे साहाय्यही मंजूर झाले. ज्याच्याजवळ कागद कमी आहेत अशा विद्यार्थ्याच्या अर्जात खरेपणा व हेतूची स्पष्टता यांचे मोल किती असते, हे या पत्रावरून शिकावे. नेमकी उलट वृत्ती आज कधीकधी दिसते. दुसऱ्याने लिहून दिलेले निवेदन, फुगविलेली माहिती यांचा आधार घेतला जातो. आनंदीबाईंचा अर्ज टिकला, कारण त्यातील प्रत्येक वाक्य त्यांचे स्वतःचे होते.

उणी राहिलेली बाजू

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूकही झाली. परंतु त्या ते काम करू शकल्या नाहीत. क्षयाने जर्जर होऊन त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठविण्यात आली व न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत ठेवण्यात आली.

या कथेतून केवळ त्यागाचा बोध घेणे अपुरे आहे. फिलाडेल्फियाची कडाक्याची थंडी, शाकाहाराची गैरसोय, अभ्यासाचा ताण आणि आधीच नाजूक प्रकृती यांचा एकत्रित भार त्या देहाला पेलला नाही. शिक्षणाची सोय लागली; शरीराची लागली नाही. देशभरातून वर्गणी देणारे पुष्कळ होते, परंतु उबदार खोली व पोटभर मानवेल असे अन्न यांची चिंता वाहणारे फार थोडे होते. आपल्या समाजातील मुलेही आहाराचे नियम पाळून परदेशी जातात. म्हणून हा मुद्दा आपल्याला विशेष जवळचा वाटला पाहिजे. नियम पाळणे आणि प्रकृती राखणे यांत विरोध नाही. मात्र त्यासाठी पूर्वतयारी हवी.

समाज पाठीशी असेल तर

आनंदीबाईंच्या मागोमाग इतरही गेले. डॉ. रखमाबाई यांनी विवाहाच्या गाजलेल्या खटल्याचा मनस्ताप सोसून १८८९ साली इंग्लंड गाठले. मुंबईच्या डॉ. एडिथ पीची यांचे त्यांना पाठबळ होते. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या व सुरत-राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. १८९२ साली जमशेटजी टाटा यांनी परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधी स्थापन केला. दान न देता परतफेडीचे कर्ज द्यावे, म्हणजे घेणाऱ्याचा स्वाभिमान राहतो व पुढच्याची सोय होते, ही त्यामागील दृष्टी होती. हा निधी आजही कार्यरत आहे.

समुद्रपर्यटनाचा प्रश्न आपल्या समाजालाही चुकला नाही. महुवा येथे १८६४ साली जन्मलेले व मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे पदवीधर श्री. वीरचंद राघवजी गांधी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून गेले. आचार्य आत्मारामजी महाराजांना निमंत्रण होते. परंतु साधुधर्माच्या मर्यादेमुळे ते जाऊ शकत नव्हते, म्हणून त्यांनी वीरचंदजींना पाठविले. परतल्यावर परदेशगमनाबद्दल समाजातील काहींनी रोष धरला, तेव्हा आचार्यश्री त्यांच्या पाठीशी उभे राहिले. भारतीय स्त्रियांच्या उच्च शिक्षणास साहाय्य करणारी संस्था अमेरिकेत उभी राहावी, यासाठी वीरचंदजींनी पुढाकार घेतला, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. याच परंपरेतील आचार्य विजयवल्लभसूरी महाराजांच्या प्रेरणेने पुढे १९१५ साली मुंबईत महावीर जैन विद्यालय सुरू झाले. शहरात शिकावयास येणाऱ्या मुलांच्या निवासाची व भोजनाची सोय त्याने केली. आनंदीबाईंच्या बाबतीत जी बाजू उणी राहिली, तीच या संस्थेने प्रथम सांभाळली.

आर्थिक बाजू अर्धवट राहिली तर काय होते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात दिसते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१६ साली लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढी जुळवाजुळव करून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले व १९२३ साली डी.एस्सी. झाले. शिष्यवृत्ती किती वर्षांची व अभ्यासक्रम किती वर्षांचा, याचा मेळ आधीच घालावा, आणि खंड पडलाच तर परतीचे दार उघडे ठेवावे, हा यातील व्यावहारिक धडा.

आजच्या पालकांसाठी

आज अर्ज संगणकावर होतो, उत्तर काही आठवड्यांत येते. परंतु गरजा त्याच राहिल्या आहेत. हेतूचे खरे निवेदन, ओळखणाऱ्या शिक्षकांची शिफारस, भाषेच्या परीक्षेचे गुण आणि खर्चाची तरतूद दाखविणारी कागदपत्रे लागतात. व्हिसासाठी ती तरतूद सिद्ध करावी लागते, हे पुष्कळ कुटुंबांना फार उशिरा कळते. सरकारी योजनांवरही डोळे मिटून विसंबू नये. जैन समाजास २०१४ साली राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तेव्हा परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाला अनुदान देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना आपल्या मुलांनाही खुली झाली होती. २०२२ साली ती बंद करण्यात आली. म्हणून प्रत्येक योजनेची सद्यःस्थिती त्या-त्या वर्षी तपासून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कार्पेंटर मावशींचे काम. परदेशी जाऊन आलेल्या वा तेथे स्थिरावलेल्या आपल्या बांधवांनी पहिल्यांदाच जाणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या पत्रास उत्तर द्यावे, विमानतळावर त्याला घेण्यास जावे, पहिला आठवडा घरी ठेवून घ्यावे, त्याच्या जेवणाची व प्रकृतीची विचारपूस करावी. यास मोठा निधी लागत नाही. आपल्या संस्थेने अशा कुटुंबांची एक नोंदवही ठेवली, तर पुढच्या पन्नास वर्षांत या परिसरातून निघणारे मूल एकटे निघणार नाही. आहारदान, औषधदान, ज्ञानदान व अभयदान अशी चतुर्विध दानाची शिकवण आपल्याला मिळाली आहे. दूरदेशी गेलेल्या विद्यार्थ्यास या चारही दानांची एकदमच गरज असते.