शेवटच्या ओळीपर्यंत

चलथाणहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की थोड्याच वेळात बारडोली येतं. तिथून पुढे तापीकाठी हरिपुरा. फेब्रुवारी १९३८ मध्ये तिथे काँग्रेसचं ५१वं अधिवेशन भरलं. अध्यक्ष सुभाषबाबू, त्यांचा रथ ५१ बैलांनी ओढला. अशा अफाट गर्दीत मागच्याला शब्द कळायचा कसा?

त्या काळात हे काम सिंधी मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’नं उचललं होतं. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सक्करला धंदा सुरू केला, पुढे तो मुंबईत आला. त्यांचे चिरंजीव नानिक यांनी १९३१च्या कराची अधिवेशनात कर्णे लावले आणि पुढेही काँग्रेसच्या सभांना पुरवले. गांधीजींचा हळू आवाज त्यामुळे लांबवर जाऊ लागला.

कर्णा आवाज लांब फेकतो, पण आवाजातला गोडवा काही राखत नाही. घरात बसून नीट गाणं ऐकायचं तर स्पीकरच वेगळा हवा. १९२५ च्या सुमारास अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी चुंबकातल्या तारेच्या वेटोळ्यानं कागदी शंकू हलवणारा स्पीकर तयार केला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच घराण्यातले.

साध्या खोक्यात एकच अँप्लिफायर आवाज मोठा करतो आणि मग त्यातले जाड-बारीक सूर वेगळे केले जातात. ‘अ‍ॅक्टिव्ह’ स्पीकरमध्ये सूर आधीच वेगळे होतात आणि प्रत्येकाला स्वतःचा अँप्लिफायर मिळतो, तोही स्पीकरच्या आतच. आपल्याला हे लगेच कळेल. भाजीत कांदा-लसूण पडल्यावर तो कुणाच्या ताटापुरता काढता येतो का? पातेली आधीच दोन चढवावी लागतात! डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेन कंपनीच्या १९८६च्या ‘बिओलॅब पेंटा’मध्येही अँप्लिफायर स्पीकरच्या आतच होता. पाच बाजूंचा, जवळजवळ माणसाएवढा उंच, जमिनीवर उभा राहणारा खांब. जुन्या वस्तूंचे शौकीन आजही तो जपतात.

हे सगळं वाचताना मला समवसरण आठवतं. तीर्थंकरांची वाणी योजनभर पोचायची, आणि ज्याला त्याला आपापल्या भाषेत कळायची. बारा परिषदांत साध्वी आणि श्राविकाही होत्या, पशुपक्षीसुद्धा यायचे.

आपल्याकडे काही साधू-साध्वीजी व्याख्यानाला माइक घेत नाहीत. वीज म्हणजे अग्निकाय जीव, त्यांची हिंसा नको म्हणून. काही परंपरांत घेतात. ज्याचं त्याचं व्रत, त्यावर वाद घालणारी मी कोण? पण बऱ्याच ठिकाणी बायका मागे बसतात, मांडीवर पोर घेऊन, आणि त्यांना अर्धं व्याख्यान ऐकूच येत नाही. माइक नसेल तिथे त्यांना पुढे जागा द्या, आणि आपण गप्पा थांबवू या. माइक असेल तिथे कर्णे वाढवण्याआधी कुणीतरी मागे जाऊन बसावं आणि विचारावं, “बेन, शब्द कळतोय ना?”

शंभर वर्षं माणसं खपली ती याच प्रश्नासाठी. तो विचारायला मात्र यंत्र लागत नाही.