१४. ओरेना गट

न्यूयॉर्कच्या कोलंबो माफिया कुटुंबातला. म्होरक्या कार्माइन पर्सिको १९८७पासून शंभर वर्षांची शिक्षा भोगत होता, तरी गादी त्याने सोडली नव्हती. मुलगा अल्फॉन्स सुटेपर्यंत व्हिक्टर ओरेनाने कारभार पाहायचा, असे ठरले होते. ओरेनाने मात्र १९९१मध्ये सल्लागार कार्माइन सेसा याला आपल्याला गादी मिळावी म्हणून हाताखालच्या म्होरक्यांचा कौल घ्यायला सांगितले. सेसाने ही खबर थेट तुरुंगात पोचवली. २० जूनला स्वतःच्या घराजवळ दबा धरून बसलेले मारेकरी ओरेनाला वेळीच दिसले आणि तो निसटला. त्यानंतर पर्सिकोचा गट आणि ओरेनाचा गट यांच्यात झगडा पेटला; प्रस्तुत मजकुरातले ‘युद्ध’ ते हेच. त्यात बाराएक माणसे मेली. त्यांतला बेगलच्या दुकानात काम करणारा अठरा वर्षांचा मुलगा कोणत्याच गटाचा नव्हता, हे इथे नोंदवणे आवश्यक वाटते. ओरेना डिसेंबर १९९२मध्ये दोषी ठरला. पुढे त्याला जन्मठेप झाली.