एल्युसिडेट आणि रुक्मिणी

प्रश्नपत्रिकेत आणि वकिली कागदांत भेटणारं इंग्रजी क्रियापद म्हणजे ‘एल्युसिडेट’. साधं ‘एक्स्प्लेन’ असताना हे जडजंबाल कशाला, असं वाटतं खरं. पण वंशावळ ऐकण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये ‘लुक्स’ म्हणजे उजेड, ‘लुसिडुस’ म्हणजे लखलखीत. त्यावरून उजेडात आणणं. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत पोचला.

या ‘लुक्स’चं संस्कृतमधलं भावंड ‘रुच्’, म्हणजे चमकणं. त्यातून रुची आली, रोचक आलं, आणि सोन्याचं ‘रुक्म’ हे नावही. म्हणजे आपली रुक्मिणी आणि हे कोर्टातलं क्रियापद एकाच कुळातले!

समजावणं आपल्याकडेही दिव्याचंच काम. टीकाग्रंथांना ‘दीपिका’, ‘प्रकाश’ ही नावं सर्रास, ज्ञानेश्वरीही ‘भावार्थदीपिका’च. ‘विशद’चाही मूळ अर्थ शुभ्र, स्वच्छ. (‘उजेड पाडणं’ तेवढं टोमण्यापुरतं उरलं.) ‘उलगडणं’ मात्र दुसऱ्या घराण्यातलं. तिथे दिवा नाही, घडी आहे. इंग्रजी ‘एक्स्प्लिकेट’ त्याच बाजूचं, कारण लॅटिन ‘प्लिकारे’ म्हणजे घडी घालणं.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतेचा अर्थ लावला. १९१५ साली छापलेल्या त्या ग्रंथाला त्यांनी दीपिका म्हटलं नाही, ‘रहस्य’ म्हटलं. वर ‘अथवा कर्मयोगशास्त्र’ असं जोडून ते रहस्य मुखपृष्ठावरच फोडलं. कायदा शिकलेला माणूस. निकाल आधी, युक्तिवाद मागाहून.