ताप आणि हृदयाचे ठोके : पोटॅशियम चॅनलवर तापमानाचा काय परिणाम होतो?

"ताप चढला की छातीत धडधडतं. हार्टचं काही नसेल ना?" तापाच्या साथीत दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. बहुतेकांना मी "नाही" असंच सांगतो. शरीराचं तापमान १ अंश सेल्सिअसने वाढलं की नाडी मिनिटाला साधारण १० ठोक्यांनी वाढते आणि ताप उतरला की पूर्ववत होते. मात्र थोड्या लोकांच्या बाबतीत ताप खरोखरच हृदयाची लय बिघडवू शकतो. त्यामागचं कारण हृदयाच्या पेशींमधल्या पोटॅशियम चॅनलमध्ये सापडतं.

पोटॅशियम चॅनल म्हणजे काय?

चॅनल म्हणजे पेशीच्या आवरणातली प्रथिनांची बारीक दारं. ठोका सुरू होताना सोडियम आणि मग कॅल्शियम पेशीत शिरतं व स्नायू आकुंचन पावतो. त्यानंतर पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी तयार होते. हे व्हायला लागणारा वेळ ईसीजीवर 'क्यूटी' या अंतरात दिसतो. तो फार लांबला तर पेशी पूर्ववत होण्याआधीच नवा, भलताच ठोका पडू शकतो. त्यातून लय बिघडून माणूस बेशुद्ध पडतो, क्वचित दगावतोही.

थंडीत आणि तापात काय होतं?

ही दारं उघडताना-मिटताना प्रथिनाचा आकार बदलतो. थंडीत हा बदल मंदावतो, उष्णतेत वेगाने होतो. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की क्यूटी लांबू लागतो. २८ अंशांखाली हृदय नुसतंच थरथरत राहण्याचा धोका वाढतो, म्हणून अशा रुग्णाला हलवतानाही जपावं लागतं. आपल्याकडे असे रुग्ण कमीच. तापाचे मात्र रोजचेच.

तापात निरोगी हृदयाची पोटॅशियमची दारं जास्त चपळ होतात. ठोके वाढलेले असतात, त्यामुळे पेशीला लवकर तयार व्हावंच लागतं, आणि ती होते. म्हणजे ही धडधड त्रासदायक असली तरी हिशेब जुळलेला असतो.

हिशेब कधी चुकतो?

यातल्या एका महत्त्वाच्या चॅनलचं नाव आहे 'हर्ग'. (ईथर दिल्यावर पाय थरथरवणाऱ्या फळमाश्यांवरच्या संशोधनातून या कुळातल्या जनुकाचा शोध लागला.) काही कुटुंबांत हर्गच्या जनुकात जन्मतः दोष असतो. या आजाराला 'लाँग क्यूटी सिंड्रोम, प्रकार २' म्हणतात. यातल्या काही रुग्णांमध्ये ताप आल्यावर चॅनलचं काम वाढायला हवं तेवढं वाढत नाही. ठोके जलद, पण पेशी तयार नाही, अशी अवस्था होते आणि क्यूटी लांबतो. तापात बिघडणारा 'ब्रुगाडा सिंड्रोम' हा वेगळा आजार आहे. त्यात दोष सापडतो तो बहुधा सोडियम चॅनलमध्ये.

हे आजार दुर्मीळ आहेत. मला जास्त काळजी वाटते ती औषधांची. हर्गचं दार अडवणारी औषधं आपल्या घरातल्या डब्यातही सापडतात : अ‍ॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, उलटीसाठीची ऑनडॅन्सेट्रॉन आणि डॉमपेरिडोन, बुरशीवरची फ्लुकोनाझोल. निरोगी माणसाला यातलं एखादं औषध योग्य मात्रेत बहुधा सोसतं. पण ताप, त्यात जुलाब-उलट्यांमुळे पोटॅशियम घटलेलं, वर मागच्या वेळच्या चिठ्ठीवरच्या दोन-तीन गोळ्या एकत्र, आणि रुग्ण सत्तरीची आजी, हृदयविकाराची किंवा लघवी वाढवणारी गोळी घेणारी. इथे प्रत्येक गोष्ट थोडी थोडी भर घालते. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर औषधं आणू नका. डॉक्टरांनी दिलेलं औषध भीतीपोटी मध्येच बंदही करू नका. शंका असेल तर त्यांनाच विचारा.

जुलाब होत असतील तर ओआरएस द्या. १ लिटर ओआरएसमध्ये १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. घरच्या साखर-मिठाच्या पाण्यात ते नसतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. किडनीचा आजार असेल तर मात्र शहाळ्याचं पाणीसुद्धा विचारूनच द्या, कारण अशा रुग्णांत पोटॅशियम वाढणंही तितकंच घातक असतं. रक्तातलं पोटॅशियम साधारणपणे ३.५ ते ५ असावं.

डॉक्टरांना काय सांगाल?

पूर्वी कधी धावताना, दचकल्यावर किंवा तापात शुद्ध हरपली होती का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे का, आणि सध्या कोणकोणती औषधं चालू आहेत, हे न विचारताही सांगा. 'फिट येते' म्हणून वर्षानुवर्षं उपचार घेणाऱ्या एखाद्या रुग्णाचं मूळ दुखणं हृदयाच्या लयीचं निघतं. साधा ईसीजी काढला तरी बऱ्याचदा धागा हाती लागतो. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून शंका पूर्ण मिटत नाही. गरज वाटली तर हृदयरोगतज्ज्ञ पुन्हा तपासणी करतात.

लाँग क्यूटी किंवा ब्रुगाडाचं निदान झालेल्यांनी ताप अंगावर काढू नये. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत लगेच घ्यावी, पाणी पीत राहावं आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना कळवावं. बीटा ब्लॉकर चालू असेल तर तापातही त्याची गोळी चुकवू नये. उलटीत पडली तर लगेच फोन करावा.

तापात धडधडीबरोबर चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध गेली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालय गाठा. माणूस कोसळला, हाक मारून प्रतिसाद देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर १०८ला फोन करा आणि मदत येईपर्यंत छातीच्या मधोमध जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा.