कोंढाण्याची हरवलेली रात्र

४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री कोंढाणा घेताना तानाजी मालुसरे पडले. ही लढाई पोवाड्याने जपली, पुढे हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीने घरोघर पोचवली. १९२३ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने तिच्यावर ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर. शिवाजी महाराजांची भूमिकाही त्यांचीच. शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम. आज या मूकपटाची प्रत उरलेली नाही.

बाबूरावांपुढची खरी अडचण होती रात्रीची. त्या काळची फिल्म मंद, चित्रण उन्हात चाले. रात्र हवी असेल तर दिवसाच चित्रण करून प्रतीला निळा रंग द्यायचा, ही जगभरची रीत. पण कोंढाण्याच्या लढाईतून अंधार काढला तर उरते काय? कड्यावर चढणारे मावळे पहारेकऱ्यांना दिसू नयेत, यावरच सगळा डाव. बाबूरावांनी विजेच्या दिव्यांवर रात्रीची दृश्ये टिपली. भारतीय चित्रपटातला कृत्रिम प्रकाशाचा हा पहिला वापर मानतात. मुळात ते नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार. उजेड कुठे पडू द्यायचा नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मुंबईत ‘सिंहगड’ची गर्दी पाहून सरकारला करमणूक कर सुचला, असेही सांगतात. कायदा १९२३चा आहे खरा. पण तेवढ्यावरून कारण ठरवू नये.

नायट्रेटची फिल्म कुजते, भडकन पेटते, आणि तिच्यातल्या चांदीसाठी भंगारातही जाई. बोलपट आल्यावर मूकपट जपण्यात कुणाचा फायदा नव्हता. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४चे, म्हणजे चार दशके उशिराचे. फिलिपिन्समध्येही हेच घडले: होसे नेपोमुसेनो यांचा ‘दालागांग बुकिड’ (१९१९), फिलिपिनो माणसाने काढलेला पहिला कथापट, तोही नाहीसा झाला.

१९३३ साली प्रभातने बोलपट ‘सिंहगड’ काढला, दिग्दर्शक शांताराम. त्यामुळे जुन्याची भरपाई झाली, असे मला वाटत नाही. गोष्ट कधी हरवलीच नव्हती. गेली ती बाबूरावांची रात्र: मशालीचा उजेड कुठवर पोचला, कडा किती काळा ठेवला, तानाजीचा चेहरा कितपत दिसू दिला. शांताराम त्या रात्रीत शेलारमामा होऊन उभे होते. दहा वर्षांनी तीच लढाई नव्याने चित्रित करताना त्यांना ती आठवत असणार.