गोदावरीचे काठ आणि परभणीचा भूइतिहास

प्राचीन वसाहतींचा विचार करताना नदीकाठ हा स्थिर आधार म्हणून सहज गृहीत धरला जातो. वस्तुतः काठ नदीच घडविते आणि नदीच मोडते. परभणी जिल्ह्यातील गोदावरीचे खोरे या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

जिल्ह्याच्या उत्तरेस जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेचे फाटे व दक्षिणेस गंगाखेडकडे बालाघाटचे डोंगर असून मधला सखल प्रदेश गोदावरी, पूर्णा व दुधना यांनी व्यापला आहे. मूळचा खडक सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. त्याच्या आडव्या थरांपैकी ठिसूळ थर आधी झिजतात. वरचा कठीण थर निराधार होऊन कोसळतो. डोंगरांचे सपाट माथे व पायऱ्यांसारखे उतार यांचे कारण हेच होय. पुढे हेच दगड व वाळू प्रवाहाची हत्यारे बनून पात्राचा तळ घासतात. उपनद्या मुख्य नदीस समपातळीवर मिळतात, यावरून दऱ्या नद्यांनीच कोरल्या असे प्लेफेअर याने १८०२ मध्ये प्रतिपादिले. पूर्णा व गोदावरी यांचा संगम या नियमास अनुसरूनच आहे.

परंतु गोदावरीचा इतिहास केवळ खननाचा नाही. तिच्या उंच दरडींत तळाशी गोट्यांचे व वाळूचे, तर वर चुनखडीच्या गाठी असलेल्या बारीक गाळाचे थर आढळतात. गोटे वाहून आणण्यास वेगवान प्रवाह लागतो. बारीक गाळ मंदावलेले पाणी टाकते. आज नदी स्वतःच्याच जुन्या गाळात खोल उतरली आहे. म्हणजे तिने प्रथम खडक कोरला, नंतर दरी भरली आणि पुन्हा ती कोरण्यास आरंभ केला. पाऊस व गाळाचा भार यांचे प्रमाण बदलले की नदीचे कार्यही पालटते.

या भरणीच्या काळी मनुष्य येथे वावरत होता. परभणीच्या वरच्या अंगास, पैठणजवळील मुंगी येथे वाइन यास अस्थियुक्त थरांत अकीक दगडाचा छिलका सापडला; ओल्डहॅम याने १८६८ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे प्रवरेकाठी नेवासे येथे सांकलियांच्या १९५४-५६ च्या उत्खननाने या अभ्यासास भक्कम बैठक दिली.

येथेच इतिहासकाराने सावध राहिले पाहिजे. वळणाच्या बाहेरील काठ नदी खाते, आतील बाजूस गाळ टाकते. एका काठावरील अवशेष वाहून जातात, दुसऱ्यावरील गाडले जातात. म्हणून पृष्ठभागावर अवशेष न मिळणे हा वस्ती नसल्याचा पुरावा नव्हे. उलट, गोट्यांच्या थरातील हत्यार तेथेच वापरले गेले असेही मानता येत नाही. कडा झिजलेल्या असतील तर ते दुरून वाहत आलेले असण्याचा संभव अधिक.

१९६८ मध्ये पूर्णेवर येलदरी व १९७६ मध्ये गोदावरीवर जायकवाडी धरण पूर्ण झाल्यापासून वरून येणारा पुष्कळसा गाळ जलाशयांत अडतो. पूर व गाळ यांचा मूळचा क्रम त्यामुळे बदलला आहे. तथापि पावसाच्या ओहोळांनी दरडींत घळी पडणे थांबलेले नाही, आणि प्रत्येक घळीबरोबर थरांचा काही भाग नाहीसा होतो. दरडींची मोजणी व थरांची नोंद हे काम त्यामुळे पुढे ढकलण्याजोगे नाही: ज्या क्षरणाने हा पुरावा उघडा केला, तेच क्षरण तो वाहून नेत आहे.